बेसचा ॲम्प घ्यायला निघालात? वॅट नंतर विचारा

बेस गिटारसाठी ॲम्प (ॲम्प्लिफायर) घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचा आहे?" दुकानदारालाही तोच आकडा सांगायला सोपा जातो. मग ३०० घ्यायचा की ५०० यात अर्धा तास जातो. कॅब (स्पीकरची पेटी) किती ओहमची आहे, म्हणजे विजेला तिचा अडथळा किती, तिचं वजन किती, ॲम्पच्या मागे डीआय आउट (थेट मिक्सरला जोडायची जागा) आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. स्टेजवर मात्र तुमचा बेस नीट ऐकू आला की नाही हे वॅटवर थोडं आणि या बाकीच्या गोष्टींवर जास्त अवलंबून असतं.

हा लेख पहिल्यांदाच बँडबरोबर स्टेजवर जाणाऱ्यांसाठी आहे. घरच्या सरावाचा छोटा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. खरेदीचा क्रम मी असा लावतो: आधी डीआय (बेस मिक्सरला जोडणारी डबी), मग कॅब, मग हेड (स्पीकर नसलेला ॲम्प), आणि पैसे उरले तर पेडलं (आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या डब्या). बरेच जण तो बरोबर उलटा लावतात, कारण पेडलं दिसायला झकास असतात आणि कॅब उचलावी लागते.

पायरी पहिली: गिग कुठल्या, ते लिहून काढा

येत्या वर्षभरात कुठे कुठे वाजवणार आहात याची यादी करा. उत्तरावर सगळी खरेदी फिरते.

पुण्या-मुंबईतल्या कॅफेत किंवा पबमध्ये स्टेज म्हणजे कोपऱ्यातली दहा बाय आठची जागा. पीए (प्रेक्षकांसाठीची ध्वनियंत्रणा) म्हणून स्टँडवरचे दोन स्पीकर असतात आणि सबवूफर असेलच असं नाही. अशा ठिकाणी लोकांपर्यंत बेस पोहोचवायचं काम तुमच्या कॅबलाच करावं लागतं. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या नाट्यगृहात हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा असेल, तर बेस थेट मिक्सरला जातो आणि तुम्हाला तो पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून ऐकू येतो. तिथे ॲम्प नसला तरी कुणाचं काही अडत नाही. लॉनवरचं लग्न, कॉलेजचं मैदान, नवरात्राचा मंडप, इथे पीए इतका मोठा असतो की तुमचा ॲम्प फक्त तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी वाजतो. मोठ्या फेस्टिवलला आयोजकच बॅकलाइन, म्हणजे स्टेजवरचे ॲम्प आणि ड्रम, देतात. तुम्ही बेस आणि पेडलबोर्ड घेऊन जायचं.

म्हणजे चारपैकी तीन ठिकाणी ऐकणाऱ्याच्या कानावर पडतो तो डीआयमधून गेलेला आवाज. म्हणून त्याच्यापासून सुरुवात.

पायरी दुसरी: स्वतःचा डीआय

बेसच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल नाजूक असतो. साध्या केबलमधून पाच-सहा मीटरच्या पुढे नेला की त्यातली चमक कमी होते आणि लाइटची घरघर त्यात मिसळते. मिक्सर तर तीस मीटरवर, प्रेक्षकांच्या मागे. डीआय बॉक्स हा सिग्नल बॅलन्स्ड (घरघर सहज न शिरणारा) करून तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधून तिथवर सुखरूप पोहोचवतो.

साउंडवाल्याकडे डीआय असतोच, मग आपला कशाला? कारण त्याच्याकडचा कुठल्या पेटीतून निघेल आणि कसा वाजेल याचा भरवसा नसतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जोडणी बेस, पेडलं, डीआय आणि डीआयच्या ‘थ्रू’मधून ॲम्प अशी ठेवली, तर ऐन गाण्यात ॲम्प बंद पडला तरी लोकांना बेस ऐकू येत राहतो. ॲम्पच्या मागच्या डीआय आउटवर सगळी भिस्त ठेवली असेल, तर ॲम्पबरोबर तुम्हीही गेलात.

तुमचा बेस पॅसिव्ह असेल, म्हणजे त्यात बॅटरी नसेल, तर ॲक्टिव्ह डीआय घ्या. पॅसिव्ह डीआयला जोडल्यावर अशा बेसचा आवाज कधीकधी मलूल होतो. ॲक्टिव्ह बेस असेल तर दोन्ही चालतात. ॲक्टिव्ह डीआयला बहुधा ४८ व्होल्टची फँटम पॉवर मिक्सरकडून लागते किंवा आत बॅटरी लागते, हे खोक्यावर वाचून ठेवा. थोडे पैसे जास्त टाकायची तयारी असेल तर प्रीॲम्प (टोन घडवणारा भाग) आणि डीआय एकत्र असलेलं पेडल घ्या. टेक २१ चं सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. अशा एका पेडलात तुमचा टोनही येतो आणि लाइनही, आणि ते खिशात मावत नसलं तरी गिगबॅगच्या कप्प्यात नक्की मावतं.

डीआयवर किंवा ॲम्पच्या मागे दोन छोटी बटणं दिसतील. ‘ग्राउंड लिफ्ट’ लाइनमध्ये हम आला तर दाबून बघायचं. ‘प्री/पोस्ट’ असेल तर प्रीवर ठेवा. मग स्टेजवर तुम्ही ॲम्पची बटणं कितीही फिरवली तरी बाहेरचा आवाज हलत नाही आणि साउंडवाला तुमच्यावर खूश राहतो.

पायरी तिसरी: कॅब

इथे जरा थांबू, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहेत.

चार तारांच्या बेसची खालची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. पाच तारांचा असेल तर बी तार ३१ हर्ट्झला. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर भरते. एवढी लांब लहर पूर्ण ताकदीनं बाहेर टाकणारी आणि तरीही रिक्षात मावणारी कॅब कुणी बनवलेली नाही. गंमत म्हणजे त्याची फारशी गरजही नसते. ॲम्पेगचा एसव्हीटी १९६९ मध्ये आला, ३०० वॅटचं व्हॉल्व्हचं हेड आणि खाली १० इंची आठ स्पीकरांच्या कॅब. रॉक बेसचा आवाज म्हणजे काय हे त्या जोडीनं ठरवलं. पण त्या ८×१० कॅबचा आजचा छापील आकडा बघा: ५८ हर्ट्झच्या खाली तिचा आवाज पडायला लागतो. म्हणजे सगळ्यांना हवाहवासा वाटणारा तो भारदस्त ई मुख्यतः ८२ हर्ट्झच्या, एक सप्तक वरच्या स्वरावर उभा आहे. उरलेलं आपला कान भरून काढतो.

तेव्हा "१५ इंची स्पीकर खोल वाजतो, १० इंची नुसता पंच देतो" हे दुकानातलं वाक्य ऐकून सोडून द्या. खोली किती मिळणार हे स्पीकरच्या इंचांपेक्षा स्पीकर आणि पेटी यांच्या जुळणीवर ठरतं. स्पीकर बनवणाऱ्यांकडे हॉफमनचा लोहनियम म्हणून एक नियम आहे: पेटी लहान, आवाज मोठा आणि स्वर खोल, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. एखादी छोटीशी कॅब तिन्ही देते असा दावा दिसला तर तिसऱ्याची किंमत वॅटमध्ये मोजावी लागणार, हे समजून जा.

मग बघायचं काय? कॅबच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. बेसच्या कॅबमध्ये तो साधारण ९७ ते १०३ असतो. हा आकडा ३ ने वाढणं म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट करण्यासारखं आहे. १०० डेसिबलच्या कॅबला २५० वॅट दिले काय आणि ९७ च्या कॅबला ५०० दिले काय, कानाला सारखंच. म्हणून चांगली कॅब आणि मध्यम हेड ही जोडी मोठं हेड आणि फडतूस कॅब या जोडीपेक्षा केव्हाही पुढे जाते. (काही कंपन्या हा आकडा फुगवून छापतात. ओळखीच्या बेसिस्टच्या कॅबशेजारी ठेवून ऐकणं हाच खात्रीचा उपाय.)

नवख्याला माझा सल्ला ठरलेला आहे: ८ ओहमच्या, अगदी सारख्या दोन छोट्या कॅब. १×१२ (१२ इंची एक स्पीकर) किंवा २×१०, जे आवडेल ते. पहिली आता घ्या, दुसरी पुढच्या दिवाळीला. कॅफेला एक न्या, मोकळ्या मैदानात दोन. सारख्याच घ्या असं मुद्दाम सांगतो, कारण एक १० इंचीची आणि एक १५ इंचीची अशी वेगवेगळ्या जातीची जोडी केली की काही स्वर फुगतात, काही एकमेकांना मारतात, आणि कोणते ते त्या त्या हॉलमध्ये कळतं.

दोन्ही कॅब एकमेकींवर उभ्या रचा, शेजारी शेजारी आडव्या ठेवू नका. आडव्या ठेवल्या की बाजूला उभ्या असलेल्या गिटारवाल्याला नुसता गडगडाट ऐकू येतो आणि स्वर ओळखता येत नाही. उभ्या रचल्या की वरचा स्पीकर तुमच्या कानाजवळ येतो हा आणखी एक फायदा. एकच कॅब असेल तर ती प्लास्टिकच्या मजबूत क्रेटवर किंवा खुर्चीवर चढवा. जमिनीवरची कॅब तुमच्या गुडघ्यांना आवाज देत असते. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही वाढवता, आणि पहिल्या रांगेतले लोक खुर्च्या मागे सरकवतात. नाट्यगृहाचं स्टेज लाकडी आणि आतून पोकळ असतं, तिथे तर कॅब उचललीच पाहिजे, नाहीतर सगळं स्टेज ड्रम होऊन घुमतं.

वजनाचं बोलू. एसव्हीटीची ती ८×१० कॅब साठ किलोच्या वर भरते. ती न्यायला दोन माणसं आणि टेम्पो लागतो. निओडिमियम चुंबकाचे स्पीकर असलेली १×१२ कॅब बारा-पंधरा किलोत येते आणि रिक्षात तुमच्या शेजारी बसते. साध्या फेराइट चुंबकाची कॅब स्वस्त आणि आवाजाला मुळीच कमी नाही, पण तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात राहत असाल तर फरकाचे पैसे द्या.

कॅबमध्ये छोटा ट्वीटर असेल तर मागे त्याचं बटण असतं. स्लॅप (अंगठ्यानं तार ठोकून) वाजवताना तो उपयोगी, पण ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणारं पेडल) लावल्यावर माशी घोंघावल्यासारखा आवाज त्यातूनच येतो. तेव्हा तो खाली करा.

पायरी चौथी: ओहमचं गणित

दुरुस्तीला येणाऱ्या ॲम्पांपैकी पुष्कळांची कहाणी या आकड्यापाशी सुरू होते, म्हणून हे पाठच करा. हेडच्या मागे दोन सॉकेट असतात. त्यांना लावलेल्या दोन्ही कॅब पॅरलल जोडल्या जातात. एका कॅबमधून दुसरीत केबल नेली तरीही तेच. ८ आणि ८ मिळून ४ ओहम होतात. ४ आणि ४ मिळून २. ८ आणि ४ मिळून सुमारे २.७.

आता हेडच्या मागे छापलेलं वाचा. ‘मिनिमम ४ ओहम’ असेल तर त्याच्या खाली जायचं नाही. वर चालतं, फक्त ताकद कमी मिळते. ४ ओहमला ५०० वॅट देणारं हेड ८ ओहमच्या एका कॅबला साधारण २५० ते ३०० वॅट देतं. फरक कानाला तीन डेसिबलच्या आसपासच जाणवतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ४ ओहमची एकच कॅब घेतलीत तर पुढे दुसरी जोडायचा रस्ता बऱ्याच हेडना बंद होतो. वर ८ ओहमच्या दोन कॅब सांगितल्या त्या यासाठीच.

हेड आणि कॅब यांच्यामध्ये स्पीकर केबलच हवी, शक्यतो फिरवून लॉक होणाऱ्या स्पीकॉनची. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण आत बारीक तार आणि भोवती जाळी असते. ती तापते आणि हेडलाही इजा करू शकते. दोन्ही केबलींना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा, अंधारात घोळ होत नाही.

पायरी पाचवी: हेड, आणि आता वॅट

वॅट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबलनं वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे ३०० आणि ५०० यांतला फरक दोन डेसिबलच्या जरासा वर. त्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. जोरकस ड्रमर आणि दोन गिटार असतील तर ४ ओहमला ३०० ते ५०० वॅट पुरतात. घरातला ५० वॅटचा कॉम्बो मात्र ड्रमपुढे टिकणार नाही. खालचे स्वर पुढे ढकलायला ताकद जास्त लागते आणि गिटारच्या ५० वॅटशी त्याची तुलना करून चालत नाही.

व्हॉल्व्हचं हेड ऐकायला सुंदर, उचलायला भयंकर. त्यात व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात आणि कॅब न जोडता ते वाजवलं तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पहिल्या खरेदीत त्याच्या वाटेला जाऊ नका. जुन्या धाटणीचं ट्रान्झिस्टरचं हेड दणकट असतं आणि हुशार मेकॅनिक ते उघडून दुरुस्त करू शकतो. आजची क्लास-डी हेडं दोन किलोच्या आसपास असतात. मार्कबेस, ॲग्विलार, डार्कग्लास, गॅलियन-क्रूगर, ॲम्पेग, सगळ्यांकडे आहेत आणि गिगबॅगेत मावतात. त्यांची एकच कटकट: बिघडली तर बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो आणि तो बाहेरून येईपर्यंत तुम्ही थांबता. तरी लोकलनं किंवा स्कूटरवरून गिगला जाणाऱ्यानं क्लास-डीच घ्यावं असं माझं मत आहे. ॲम्प आडवा पडला तर डीआय आहेच.

हेडवर हाय-पास फिल्टर (अगदी खालचे स्वर गाळणारा) मिळत असेल तर तो जरूर असू द्या. ३५-४० हर्ट्झच्या खालचा सिग्नल ऐकू फारसा येत नाही, पण स्पीकरचा कोन पुढे-मागे जोरात हलवत राहतो. कॅबवर लिहिलेले वॅट हे कॉइल किती उष्णता सोसेल याचे असतात. खालच्या स्वरांना कोनच्या हालचालीची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी येते.

अमेरिकेहून कुणी नातेवाईक हेड आणणार असेल तर मागचा व्होल्टेजचा आकडा फोटो काढून मागवा. ‘१००-२४०’ असेल तर फक्त वायर बदलायची. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो थेट लावला की पहिल्याच दिवशी राख. काही हेडमध्ये मागे किंवा आत व्होल्टेज बदलायची सोय असते. तेव्हा फ्यूजही बदलावा लागतो.

पायरी सहावी: पेडलं, मोजकीच

पहिलं पेडल ट्यूनर. दाबला की आवाज बंद होतो आणि दोन गाण्यांमध्ये लोकांना तुमची ‘टुंग टुंग’ ऐकावी लागत नाही.

दुसरा कॉम्प्रेसर. बोटांचा जोर कमी-जास्त पडतो, तो हा समान करतो. रेशो ३:१ किंवा ४:१ ठेवा, ॲटॅक जरा सावकाश, म्हणजे बोट तारेवर पडल्याचा पहिला ठोका दाबला जात नाही. पेडलवर दिवे असतील तर तीन ते सहा डेसिबलच्या पलीकडे जाऊ देऊ नका. घरी एकट्यानं वाजवताना जास्त कॉम्प्रेशन गोड लागतं, बँडमध्ये तोच बेस सपाट होतो.

ओव्हरड्राइव्ह घेताना त्यावर ‘ब्लेंड’ बटण आहे ना ते बघा. गिटारची बरीच ड्राइव्ह पेडलं खालचे स्वर कापतात. ब्लेंडनं मूळ बेस खाली शाबूत राहतो आणि वर कचकचाट मिसळता येतो. आणखी एक: ड्राइव्ह लावलेला सिग्नल डीआयमधून थेट पीएला गेला की तो पत्र्यासारखा वाजतो, कारण कॅबचा स्पीकर जे वरचे स्वर गाळतो ते इथे कुणी गाळत नाही. म्हणून डीआयमध्ये कॅब सिम्युलेशन (कॅबच्या आवाजाची नक्कल) असलेलं बरं.

ऑक्टेव्हर (स्वराला सप्तकाची जोड देणारा) मजेदार, पण सगळ्यात खालच्या स्वरांवर तो गडबडतो. ए तारेच्या वर, एका वेळी एकच स्वर वाजवा. कोरस एखाद्या संथ गाण्याला छान. रिव्हर्ब बेसवर लावू नका. हॉल तो फुकट देतो.

क्रम म्हणाल तर ट्यूनर, एन्व्हलप फिल्टर किंवा ऑक्टेव्हर, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कोरस आणि शेवटी प्रीॲम्प-डीआय. एन्व्हलप फिल्टर बोटाच्या जोरावर उघडतो-मिटतो, म्हणून तो कॉम्प्रेसरच्या आधी. बहुतेक पेडलं ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह अशी असतात, पण अपवाद असतात. प्रत्येकाचे मिलीअँपिअर बेरीज करून त्याहून थोडा जास्त देणारा, आयसोलेटेड आउटपुटांचा सप्लाय घ्या. एकाच वायरीवरून पाच पेडलं चालवली आणि त्यात एक डिजिटल असलं की शिट्टी ठरलेली.

मंडपातली वीज

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. तात्पुरत्या मंडपात अर्थिंग बऱ्याचदा नावालाच असतं. गायकाचे ओठ माइकला लागले आणि हातात गिटार असली की झिणझिण्या येतात, त्या यामुळे. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या आणि स्टेजवरची सगळी वाद्यं शक्यतो एकाच लाइनवर लावा. हम घालवायला पॉवरच्या वायरीची अर्थ पिन कधीही काढू नका. त्यासाठी डीआयचं ग्राउंड लिफ्ट आहे. झिणझिण्या येत असतील तर वीज ठीक होईपर्यंत वाजवायचं नाही, आयोजक कितीही घाई करोत.

कार्यक्रमाची वेळही या हिशेबात धरा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, ठरावीक दिवसांची सवलत सोडून. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की पहिली काटछाट होते ती साउंडचेकची. म्हणून तुमची जोडणी पाच मिनिटांत उभी राहिली पाहिजे. घरी घड्याळ लावून सराव करा.

जुनी कॅब घेताना

बेसिस्ट सतत सामान बदलतात, त्यामुळे चांगली जुनी कॅब मिळते. बघायला जाताना स्वतःचा बेस आणि छोटी टॉर्च न्या. आधी जाळीतून टॉर्च मारा: कोनला चीर आहे का, कडेचा गोल सुटलाय का, बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात बंद खोलीत पडलेल्या कॅबला ते हमखास असतात आणि सॉकेटवर हिरवट थरही चढलेला असतो. जाळी निघत असेल तर दोन्ही हातांची बोटं पसरून कोन हलकेच, सरळ आत दाबा. मऊ सरकला तर ठीक. वाळू घासल्यासारखी खरखर आली तर कॉइल घासतेय, घरी जा. नाक जवळ नेऊन जळका वास येतो का तेही बघा.

मग ॲम्पची सगळी बटणं मध्यावर ठेवून खालच्या ई पासून एकेक फ्रेट वर चढत जा, प्रत्येक स्वर दोन सेकंद लांबवत. एखाद्याच स्वराला फर्रर्र आलं तर लगेच स्पीकरवर खापर फोडू नका. कॅबवर तळहात ठेवून तोच स्वर पुन्हा वाजवा. हँडल किंवा जाळीचा सैल स्क्रू असेल तर हाताखाली आवाज थांबतो. तसं असेल तर भाव पाडून घ्या आणि घरी जाऊन स्क्रू आवळा.

साउंडचेक

साउंडवाला हा त्या दिवशीचा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा सहकारी. "दादा, बेसची लाइन ही. डीआय माझा आहे, फँटम लागते (किंवा लागत नाही), लेव्हल पूर्ण कार्यक्रमभर हीच राहील," एवढं सांगितलं की त्याचं अर्धं काम होतं. लेव्हल देताना हळुवार वाजवू नका. सगळ्यात जोरात जे गाणं आहे तेच वाजवा. ड्राइव्हचं पेडल असेल तर तेही चालू करून दाखवा, त्याची लेव्हल साध्या आवाजाइतकीच ठेवलेली असू द्या.

ॲम्पवर सगळं सपाट ठेवून सुरुवात करा. हॉल घुमत असेल तर १०० ते २०० हर्ट्झमध्ये थोडं कमी करा. बँडमध्ये बेस ऐकूच येत नाही असं वाटलं तर हात आपोआप बेसच्या बटणाकडे जातो; तो मिडकडे न्या. ४०० ते ८०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल वाढवले की स्वर गिटारच्या भिंतीतून बाहेर येतो. बेस आणि ट्रेबल वर, मिड खाली ही घरी आवडणारी रचना ड्रम सुरू होताच गायब होते. खालचा भाग किक ड्रमसाठी मोकळा सोडा, दोघांचीही सोय होते.

जॅझ बेस (फेंडरचा दोन पिकअपांचा बेस) असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा. एक कमी केला की सिंगल कॉइलचा हम वर येतो आणि एलईडीच्या दिव्यांखाली तो जास्तच जाणवतो.

शेवटचं गाणं संपल्यावर लगेच केबल उपटू नका. आधी साउंडवाल्याला लाइन म्यूट करायची खूण करा, मग ॲम्पचा मास्टर शून्यावर, मग पॉवर बंद, आणि मगच केबल. उघड्या लाइनवर जॅक ओढला तर सबवूफरमधून जो धाडकन आवाज येतो, त्यानं पीएचा स्पीकर जाऊ शकतो, आणि पुढच्या वेळी तुमच्या लाइनला हात लावताना दादा दोनदा विचार करतो.